दूध सोडणारी माणसं

"मला दूध बंद करायचंय," असं म्हणत कुणी माझ्यासमोर बसलं, की वजनकाट्यावर उभं करण्याआधी मी विचारते, "कुणासाठी?" काही जण लगेच हातातली फाइल पुढे सरकवतात. त्यात रक्ताचे, हृदयाचे, यकृताचे रिपोर्ट असतात. काही जण गप्प होतात आणि मग एखाद्या गाईबद्दल, वासराबद्दल, मोबाइलवर पाहिलेल्या गोठ्याबद्दल बोलू लागतात. पुढचं सगळं काम या उत्तरावर ठरतं. कुणाच्या ताटात काय कमी पडणार, कोण चार महिन्यांत दुधाकडे परतणार आणि कोण कधीच परतणार नाही, याचा अंदाज मला फाइलपेक्षा या उत्तरावरून जास्त येतो.

मी मूळची पुण्याची. शिकले तिथेच, पहिली नोकरीही तिथल्याच एका रुग्णालयात केली. नवऱ्याची बदली जयपूरला झाली आणि मी मालवीय नगरातल्या एका छोट्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून बसू लागले. हा भाग शहराच्या दक्षिणेकडचा. जवाहरलाल नेहरू मार्गावर एमएनआयटीचं मोठं आवार आहे, जवळच गौरव टॉवर आणि वर्ल्ड ट्रेड पार्कचा मॉल. मागच्या अंगाला झालाना डोंगरी, जिथे आजही बिबटे आहेत. मॉलच्या आसपासच्या कॅफेत ओटचं दूध घातलेली कॉफी मिळते आणि दोन गल्ल्या आत गेलं की पहाटे सरस डेअरीच्या बूथवर दुधाच्या पिशव्यांसाठी माणसं उभी असतात. 2014 च्या नमुना नोंदणी पाहणीत राजस्थानातल्या 15 वर्षांवरच्या सुमारे 75 टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं होतं. देशातल्या मोठ्या राज्यांत एवढं प्रमाण दुसरीकडे नव्हतं. दूध उत्पादनातही हे राज्य देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असतं. म्हणजे इथे मांस सोडा असं सांगण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते. पण कढी, गट्ट्याच्या रश्श्यातलं दही, बाटीवरचं तूप, बाजरीच्या राबडीतलं ताक, तीजेचा घेवर यांना कुणी नको म्हणालं, की घरात वादाला तोंड फुटतं. पाहुण्यानं ताकाचा पेला परत केला तर यजमानाचा चेहरा उतरतो. या घरांमध्ये दूध सोडणं म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना फोनवर समजावताना मला नेहमी वेळ लागतो.

तब्येतीसाठी येणाऱ्यांचं प्रकरण तसं सरळ असतं. एक निवृत्त अभियंते अँजिओप्लास्टीनंतर आले होते. आयुष्यभर रात्री सायीचं दूध, सकाळी तुपात भिजलेले पराठे. मुलीनं परदेशातून पुस्तकं पाठवली आणि त्यांनी सगळं एका दिवसात बंद केलं. तीन महिन्यांनी वाईट कोलेस्टेरॉल उतरलं. त्यात गोळीचा वाटा होता, पण सायीचं दूध आणि तूप गेल्याचाही होता. स्टॅनफर्डमध्ये 22 जुळ्यांच्या जोड्यांवर झालेला एक प्रयोग 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतल्या एकाला 8 आठवडे फक्त वनस्पतीजन्य आहार दिला, दुसऱ्याला चांगला मिश्र आहार. पहिल्या गटाचं वाईट कोलेस्टेरॉल जास्त उतरलं. त्यामुळे अभियंत्यांचा अनुभव मला खराच वाटतो. रिपोर्ट हातात घेऊन ते म्हणाले, "मॅडम, काम हो गया." आणि काम झालं म्हणून पुढच्या लग्नसराईत ते पनीरवर परत आले. यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही. कारण शरीर होतं, शरीर सुधारलं, कारण संपलं. त्यांना मी तूप मोजून खायला शिकवलं आणि आजही ते बरे आहेत.

मला खटकतं ते वेगळंच. तब्येतीच्या नावाखाली दूध सोडणाऱ्यांना एक समज करून दिली जाते, की जनावराचं काही नसलं म्हणजे ते आरोग्याचं. तेलात तळलेली प्याज कचोरी, पॅकेटातले वेफर्स, मैद्याची बिस्किटं, साखरेचा सोडा पोटात गेला, तरी त्यात दूध नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. शिवाय मोठ्या अभ्यासांतून येणारं चित्र एकरंगी नाही. ऑक्सफर्डच्या दीर्घ अभ्यासात शाकाहारी मंडळींना हृदयविकार कमी दिसला. पण त्याच अभ्यासात व्हीगन, म्हणजे कुठलाच प्राणिजन्य पदार्थ न खाणाऱ्या, लोकांची हाडं मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा बऱ्यापैकी जास्त निघालं, खुब्याच्या हाडाच्या बाबतीत तर दुपटीहून अधिक. कॅल्शियम आणि प्रथिनं नीट न मोजता दूध काढून टाकलं की हे होऊ शकतं. म्हणून "दूध हे विष आहे" असं छापलेली पत्रकं कुणी माझ्या टेबलावर ठेवून गेलं, तर मी ती उचलून टाकते. जनावरांचं दुःख खरं आहे. त्याला खोट्या आजारांचा टेकू लावला, की एके दिवशी टेकू सरकतो आणि लोक खऱ्या दुःखावरही विश्वास ठेवेनासे होतात.

नीतीसाठी येणाऱ्यांशी बोलणं मला जास्त जड जातं, आणि मन तिथेच जास्त गुंततं.

इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी आली होती. रस्त्यावरच्या जखमी जनावरांसाठी धावपळ करणाऱ्या मुलांपैकी. इथे दुर्गापुऱ्याकडे 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था आहे. क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी ती 1980 मध्ये सुरू केली. अशा कामांमुळे या शहरात जनावरांकडे पाहणाऱ्या तरुणांची एक फळीच तयार झाली आहे. या मुलीनं भाकड गाईंना प्लास्टिक खाताना पाहिलं होतं, बिनकामाची म्हणून सोडून दिलेली गोऱ्ही पाहिली होती, आणि दूध सोडलं होतं. होस्टेलच्या मेसमध्ये डाळीला तुपाची फोडणी, म्हणून डाळही सोडली. उरलं काय, तर पोळी, बटाटा आणि लोणचं. पायाला मुंग्या येत होत्या, जिना चढताना धाप लागत होती. बी-12 चा आकडा इतका खाली होता, की डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं लिहून दिली. ती घ्यायला ती कां-कूं करत होती. म्हणाली, "त्या गाई एवढं सोसतात, मी एवढंही सोसू शकत नाही का?"

मी तिला म्हटलं, "बेटा, तुझ्या पायातल्या नसा वाळल्या तर कुठल्या वासराच्या तोंडात दूध पडणार आहे?" ती रडली. मग आम्ही कामाला लागलो. भाजलेले चणे, शेंगदाणे, मटकी, मूग, सोयाच्या वड्या. राजस्थानात तीळ काही शोधायला लागत नाही, हिवाळाभर गजक आणि तिळपट्टी मिळते. शिवाय नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण इथल्या दुकानदारांना ती रागी म्हणून मागावी लागते आणि बाजरीच्या राज्यात तिला फारसं कुणी विचारत नाही. मेसवाल्याला मी स्वतः फोन करून फोडणीआधीची डाळ बाजूला काढून ठेवायला सांगितलं. बी-12 मात्र यातल्या कशातच भरवशानं मिळत नाही. त्याला गोळी किंवा इंजेक्शन हाच मार्ग, आणि तो आयुष्यभराचा.

तिची आई रिपोर्ट पाहून हादरली होती. "दूध सोडलंस म्हणून हे झालं," हे वाक्य तिनं दवाखान्यात दहादा म्हटलं. मी आईचीही तपासणी करायला सांगितली. आई रोज दोन वेळा दूध घेणारी, दही-ताक नेमानं. तिचा आकडाही लेकीच्या जवळपासच निघाला. मला यात आश्चर्य वाटलं नाही, कारण मी पुण्यात शिकले होते. तिथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्यात 67 टक्के लोकांमध्ये बी-12 कमी होतं. ते काही व्हीगन नव्हते, आपल्यासारखेच वरण-भात-ताकवाले आणि कधीमधी मांस खाणारे होते. आपल्याकडची शाकाहारी घरं पिढ्यान्‌पिढ्या या काठावर उभी आहेत. दूध सोडणारा त्या काठावरून लवकर घसरतो, एवढंच. आईनं गोळ्या सुरू केल्या आणि घरातलं भांडण निम्मं मिटलं.

मालवीय नगरच्या गुरुनानक पथावर एक पत्ता आहे, तेरा-ए. जगभर 'जयपूर फूट' बसवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती तिथे आहे आणि त्याच पत्त्यावर प्राकृत भारती अकादमी. पहिली संस्था 1975 ची, दुसरी 1977 ची, दोन्हींमागे डी. आर. मेहता. एकीकडे पाय गमावलेल्यांना पाय देणं, दुसरीकडे जैन आगम आणि प्राकृत ग्रंथ छापणं. त्या अकादमीची पुस्तकं पिशवीत घेऊन एक वृद्ध जैन आजी माझ्याकडे यायच्या. दौसाकडच्या खेड्यातलं माहेर, सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या, कंदमुळं तर जन्मात न चाखलेल्या. नातवानं दूध सोडलं आणि तो आजीशी वाद घालू लागला, की तुमच्या अहिंसेत गाईचं वासरू कसं बसतं. आजींनी त्याला गप्प बसवलं नाही. त्या स्वतः विचार करू लागल्या.

त्या म्हणाल्या, माहेरी आधी वासरू प्यायचं, मग हात लागायचा. पिशवीतल्या दुधाचं वासरू कुठे आहे ते मला कुणी सांगत नाही. म्हणून त्यांनी चातुर्मासापुरतं दूध बंद करायचं ठरवलं. मी बी-12 ची गोळी सांगितली, तर विचारलं, ती कशापासून बनते? जिवाणूंपासून, मोठ्या टाक्यांत वाढवून. त्या विचारात पडल्या. जिवाणू म्हणजे जीवच. मग त्यांनीच मला समजावलं, की गृहस्थाच्या अणुव्रतात हिंडत्या-फिरत्या, दोन किंवा अधिक इंद्रियांच्या जीवांना जाणूनबुजून मारायचं नाही. एकेंद्रिय जीवांची हिंसा संसारात पूर्ण टळत नाही, ती होता होईल तेवढी कमी करायची. "छोटं पाप घेऊन मोठं टाळायचं," असं म्हणून त्यांनी गोळी घेतली. पण कॅप्सूल नको, कारण तिचं कवच बहुतेक वेळा जनावरांच्या हाडा-कातड्याच्या जिलेटिनचं. आणि ड जीवनसत्त्वाची पुडीही तपासून, कारण ते सहसा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात. लायकेनपासून केलेलं ड मिळतं, महाग पडतं. हे सगळं मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. पण कुठे रेघ ओढायची आणि ती ओढताना स्वतःला फसवायचं नाही, हे मी त्या आजींकडून शिकले. नीतीनं दूध सोडणाऱ्या तरुणांना मी हीच गोष्ट सांगते. शंभर टक्के निर्मळ राहण्याच्या हट्टापायी ती मुलं जेवणच सोडून देतात.

आजींसाठी मी शेंगदाण्याचं दही लावून पाहिलं. वाटीभर शेंगदाणे भिजवून सालं चोळून काढायची, तीन वाट्या पाण्यात गंधासारखे वाटायचे, फडक्यातून गाळायचे आणि मंद आचेवर ढवळत एक उकळी आणायची. ढवळणं थांबलं की तळाला लागतं आणि सगळ्याला करपट वास येतो. कोमट झालं की हिरव्या मिरच्यांचे सात-आठ देठ बुडवून झाकून ठेवायचं. पहिलं विरजण पातळ आणि जरा उग्र लागतं. त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावलं की ते घट्ट बसतं. मे महिन्यातल्या जयपुरात पाच-सहा तास पुरतात, जानेवारीत पातेलं रजईत गुंडाळावं लागतं. त्याची कढी आजींच्या सुनेनं केली आणि घरातल्या पुरुषांना सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

तब्येत आणि नीती यांचा हा झगडा एका माणसाच्या अंथरुणाशी किती टोकाला गेला होता, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना नेहमी सांगते. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर आपले मित्र कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडलं. एक कारण ब्रह्मचर्याचं होतं. दुसरं कारण, कलकत्त्यात गाई-म्हशींचं दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी केली जाणारी 'फूंका' नावाची क्रूर रीत. खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या मोहिमेत 1918 साली त्यांना आमांशानं गाठलं आणि शरीर पार खचलं. माथेरानला हवापालटासाठी नेलं, तिथलं पाणी मानवलं नाही, आठवड्याच्या आत परतावं लागलं. मग मुंबईत डॉ. दलाल आले आणि त्यांनी स्पष्टच सांगितलं, की दूध घेतल्याशिवाय मी तुमचं शरीर उभं करू शकत नाही. शपथ आहे म्हटल्यावर शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारलं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? डॉक्टर म्हणाले, तेही चालेल. गांधीजींनी ते घेतलं, 1919 च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली, ते जगले. पण आपण शब्द पाळला आणि शपथेचा आत्मा गमावला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

मला या प्रसंगात डॉ. दलालांबद्दल फार आपुलकी वाटते. त्यांनी शपथेची टिंगल केली नाही आणि औषधाबाबत खोटंही बोलले नाहीत. त्या काळात त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. बी-12 वेगळं काढता आलं ते 1948 मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी. दुधाची जागा घेईल असं वनस्पतीजन्य काही सापडावं म्हणून गांधीजी वैद्य-डॉक्टरांना विचारत राहिले होते. आणि 1931 च्या नोव्हेंबरात लंडनच्या शाकाहार मंडळात बोलताना त्यांनी जे निरीक्षण मांडलं, ते माझ्या टेबलावर रोज खरं ठरतं. जे केवळ तब्येतीसाठी शाकाहाराकडे येतात ते बहुतेक गळतात, टिकायचं तर पाया नीतीचा हवा. ज्या फूंक्यामुळे त्यांनी दूध सोडलं, तो 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्हा आहे. त्याच्या बाराव्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दूध वाढवण्यासाठी दिलेलं, जनावराला अपाय करणारं इंजेक्शनही त्यात येतं.

एवढं असूनही मी कुणाला आपणहून दूध सोडायला सांगत नाही. आमच्या दवाखान्यात साफसफाईला येणाऱ्या बाई जगतपुऱ्याच्या पलीकडे राहतात. त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत. मुलीची फी, सासऱ्याचं औषध, सगळं त्या दुधावर. व्हीगन मुलं माझ्याशी बोलत असतात तेव्हा त्या लादी पुसता पुसता ऐकतात. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, नर रेडकू झालं तर काय करता? त्या म्हणाल्या, "पाडे का क्या करेंगे दीदी. दूध कम पिलाते हैं, महीने-दो महीने में चला जाता है." सांगताना त्यांनी नजर चुकवली नाही. गाय मारायला राज्यात कायद्यानं बंदी आहे, म्हशीच्या नर रेडकाला आपोआप मरू दिलं जातं. त्या बाईंना दोष देणं मला जमत नाही, आणि ते रेडकू माझ्या चहातून बाहेरही जात नाही. मी स्वतः आता चहा बिनदुधाचा घेते. घरी मुलांसाठी दूध येतं.

सध्या माझ्याकडे एक तरुण बाई येते. पाचवा महिना लागलाय, चार वर्षांपासून व्हीगन, कारण निव्वळ नीतीचं. तिला सगळं माहीत आहे, मला फार शिकवावं लागत नाही. पण इथे मी हात आखडता घेते. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार आयुष्याच्या सगळ्या टप्प्यांना चालतो असं म्हटलं होतं. 2025 च्या नव्या भूमिकेत त्यांनी फक्त प्रौढांपुरतं लिहिलं आणि गर्भवती, स्तनदा मातांना त्यातून वगळलं. आपल्याकडे तर बी-12 ची कमतरता असलेल्या आयांच्या अंगावर वाढणारी, थरथरणारी, मागे पडलेली बाळं बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. हे मी तिला लपवून न ठेवता सांगितलं. तिची नीती तिच्या शरीरापुरती पूर्ण तिची आहे. पोटातल्या जिवाचं मत विचारता येत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचं बी-12, आयोडीन, कॅल्शियम, शेवाळापासून काढलेलं डीएचए, यातलं काहीही तत्त्वाच्या नावाखाली चुकलं तर मला चालणार नाही, असंही म्हटलं. तिनं मान्य केलं. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी माझं बोलणं झालंय, दर महिन्याला रिपोर्ट पाहायचे ठरलेत. बाळंतपणानंतरच्या लाडवांचा प्रश्न बाकी आहे. सासूबाई डिंक, सुंठ, ओवा आणि भरपूर तूप घालून ते करतात आणि त्यांच्या घरात जापा, म्हणजे बाळंतपणानंतरचा काळ, तुपाशिवाय होत नाही. तिळाच्या तेलात डिंक कितपत फुलतो ते मी या आठवड्यात घरी तळून बघणार आहे, आणि पुढच्या खेपेला सासूबाईंनाही बोलावलंय.